एसटीच्या अर्ध्या तिकिटाचा उपयोग नेमका कुणाला झाला? सार्वजनिक सेवेचा लिंगभाव-परिणाम तपासण्याची रीत

एखादी सरकारी योजना महिलांसाठी आहे असे तिच्या नावातच लिहिलेले असले, की तिचा स्त्रियांवर प्रत्यक्षात काय परिणाम झाला हे वेगळे तपासण्याची गरज सहसा कुणाला वाटत नाही. रस्ता, नळपाणी, बाजार समिती किंवा बससेवा यांसारख्या ‘सर्वांसाठी’ असलेल्या कामांत तर हा प्रश्न निघतही नाही. देशातील पहिले राज्य महिला धोरण महाराष्ट्राने १९९४ मध्ये जाहीर केले आणि चौथे मार्च २०२४ मध्ये आले. परंतु तालुक्याच्या पातळीवर एखाद्या सेवेकडे या दृष्टीने पाहायचे झाल्यास कुठून सुरुवात करावी, याचे मार्गदर्शन कार्यकर्त्यांना, जिल्हा परिषदेच्या सदस्यांना किंवा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सहज मिळत नाही. लिंगभाव-परिणाम, म्हणजे एखाद्या सेवेचा स्त्री, पुरुष आणि तृतीयपंथी यांच्यावर होणारा वेगवेगळा परिणाम, तपासण्याची रीत येथे एका ओळखीच्या उदाहरणावरून मांडली आहे. ते उदाहरण म्हणजे राज्य परिवहन महामंडळाच्या बसमध्ये स्त्रियांना १७ मार्च २०२३ पासून मिळणारी ५० टक्के सवलत, अर्थात महिला सन्मान योजना. एका तालुक्यापुरते, एका आगारापुरते काम करायचे आहे असे गृहीत धरले आहे. चार-पाच जणांच्या गटाला तेवढे पेलते, आणि त्याहून मोठा पसारा मांडल्यास बहुतेक वेळा अहवाल अर्ध्यावर राहतो.

आधी प्रश्न नीट मांडावा

‘योजनेचा महिलांना फायदा झाला का?’ हा प्रश्न घेऊन गावात गेल्यास उत्तर ‘हो’ असेच येते, कारण तिकीट निम्म्याने स्वस्त झाले हे उघडच आहे. म्हणून सवलतीपासून परिणामापर्यंतची साखळी आधी कागदावर मांडून घ्यावी. तिकीट स्वस्त झाले. म्हणून जी स्त्री पूर्वी जात नव्हती ती जाऊ लागली, किंवा जी जात होती तिचे पैसे वाचले. त्या प्रवासातून तिला काम, शिक्षण, उपचार, बाजार किंवा माहेर गाठता आले. आणि वाचलेले पैसे किंवा वेळ तिच्या स्वतःच्या हाती राहिला. या साखळीची प्रत्येक कडी स्वतंत्रपणे तुटू शकते. तिकीट अर्धे असले तरी गाडीच येत नसेल, गाडी येत असली तरी कामावरून परतण्याच्या वेळी नसेल, वेळ जुळत असली तरी घरून एकटीला पाठवत नसतील, किंवा वाचलेल्या पैशाचा हिशेब नवराच ठेवत असेल, तर सवलत कागदावर पूर्ण आणि परिणामात अपुरी राहते. आपल्या तालुक्यात यांपैकी कोणती कडी कच्ची आहे हे शोधणे, हाच या कामाचा खरा प्रश्न आहे.

त्याच वेळी ‘स्त्रिया’ हा एकजिनसी गट नाही हेही लिहून ठेवावे. तालुक्याच्या गावी बँकेत नोकरी करणारी, शेतमजुरीला शेजारच्या गावात जाणारी, तांड्यावर राहणारी, अपंग, विधवा, दहावीतली मुलगी आणि सत्तरीतली आजी यांचे प्रवास वेगळे असतात. त्यांतील किमान चार-पाच गट निवडून प्रत्येकीबद्दल तीच साखळी तपासायची आहे, असे ठरवल्यावर पुढची आकडेवारी कशी मागावी हेही आपोआप ठरते.

शासन निर्णय वाचताना

शासन निर्णय आणि त्यावर महामंडळाने काढलेली परिपत्रके मुळातून वाचावीत. वर्तमानपत्रातील बातमीवर विसंबू नये. वाचताना तीन गोष्टी पाहाव्यात: सवलत कुणाला आहे, कुठपर्यंत आहे आणि तिच्या आधी त्याच व्यक्तीला काय मिळत होते. यातील तिसरा मुद्दा सर्रास सुटतो. ६५ वर्षांवरील ज्येष्ठांना अर्ध्या तिकिटाची सवलत महिला सन्मान योजनेच्या आधीपासून होती, आणि ७५ वर्षांवरील सर्वांना ऑगस्ट २०२२ पासून अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेखाली मोफत प्रवास आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांमुलींना अर्धे तिकीट त्याहूनही जुने आहे. शाळकरी मुलींसाठी अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास आहे. म्हणजे नवी सवलत खऱ्या अर्थाने नवी आहे ती मुख्यतः मधल्या वयाच्या, कमावत्या आणि घर चालवणाऱ्या स्त्रियांसाठी. आपले लक्ष त्यांच्यावर असले पाहिजे; वृद्ध स्त्रियांच्या समाधानी प्रतिक्रिया अहवालात घातल्या तर त्या दुसऱ्याच योजनेचे श्रेय या योजनेला देतात.

दरांतील बदलही नोंदवावेत. २५ जानेवारी २०२५ पासून एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले. पूर्वी १०० रुपयांच्या प्रवासाला ५० रुपये देणाऱ्या स्त्रीला त्यानंतर सुमारे ५७ रुपये ५० पैसे द्यावे लागतात. सवलत कायम असूनही तिचा खर्च वाढला, आणि २०२३ व २०२५ ची तुलना करताना ही वाढ वजा न केल्यास निष्कर्ष चुकतो.

आगारातील नोंदी काय सांगतात आणि काय सांगत नाहीत

वाहकाच्या हातातील तिकीट यंत्रात प्रत्येक तिकिटाचा प्रकार, कुठून कुठे आणि किती वाजता ही नोंद होते. ही सोन्यासारखी माहिती आहे, पण ती गोळा झाली आहे प्रतिपूर्तीच्या हिशेबासाठी. सवलतीपोटी बुडालेले उत्पन्न राज्य शासनाने महामंडळाला भरून द्यायचे असते, म्हणून सवलतीची तिकिटे वेगळी मोजली जातात. या उगमामुळे तिच्या मर्यादा ठरतात.

पहिली मर्यादा अशी, की मार्च २०२३ पूर्वी प्रौढ स्त्रीचे पूर्ण तिकीट आणि प्रौढ पुरुषाचे पूर्ण तिकीट यांत यंत्राच्या दृष्टीने काहीच फरक नव्हता. स्त्रियांची स्वतंत्र मोजणी सवलतीमुळेच सुरू झाली. त्यामुळे ‘सवलतीनंतर महिला प्रवासी इतक्या टक्क्यांनी वाढले’ असे केवळ तिकिटांच्या आधारे सांगणाऱ्याला आधीचा आकडा कुठून आणला हे जरूर विचारावे. एकूण प्रवासी किती वाढले हे सांगता येते. त्यांतील स्त्रिया आधी किती होत्या हे अंदाजानेच ठरवावे लागते, आणि तो अंदाज कसा केला हे अहवालात लिहावे लागते.

दुसरी मर्यादा तुलनेच्या वर्षाची. २०२०-२१ हे करोनाचे वर्ष. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. या काळाशी तुलना केली तर कोणतीही योजना यशस्वीच दिसेल. त्यातल्या त्यात बरा काळ म्हणजे जून २०२२ ते फेब्रुवारी २०२३, आणि त्याची तुलना पुढच्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी करावी, म्हणजे पेरणी, सण, लग्नसराई आणि शाळा यांचा परिणाम दोन्हीकडे सारखा येतो. या काळात मधेच अमृत योजना सुरू झाली आहे, तेव्हा ज्येष्ठांची तिकिटे वेगळी काढावीत. ६५ ते ७५ वयाच्या स्त्रियांची तिकिटे आता कोणत्या शीर्षाखाली मोजली जातात हेही आगारात विचारून घ्यावे. केवळ शीर्ष बदलल्यामुळे आकडा फुगलेला असू शकतो.

तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची आहे. तिकीट प्रवास मोजते, माणूस मोजत नाही. एक शिक्षिका महिन्यातील २५ दिवस जाऊन-येऊन ५० तिकिटे काढते, आणि ५० शेतमजूर स्त्रिया महिन्यातून एकदाच बाजाराला जाताना ५० तिकिटे काढतात. यंत्राला दोन्ही सारखेच दिसते. जाहिरातींत ‘इतक्या कोटी महिलांनी लाभ घेतला’ असे लिहिले जाते तेव्हा बहुधा तिकिटांनाच महिला म्हटलेले असते. लाभार्थींची अशी मोजणी आपल्या अहवालात शिरू देऊ नये.

नोंदी मागण्यासाठी आधी आगार व्यवस्थापकांना साधे पत्र द्यावे. अनेकदा तेवढ्याने काम होते. न झाल्यास माहिती अधिकाराचा अर्ज करावा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, शुल्क १० रुपये आहे आणि माहिती देण्याची मुदत ३० दिवसांची आहे. म्हणून ‘सर्व माहिती द्यावी’ असे मोघम न लिहिता, मार्गनिहाय व महिनानिहाय तिकीटसंख्या प्रकारानुसार मागावी, आणि दुसऱ्या अर्जात त्याच मार्गांवरील नियोजित फेऱ्या, प्रत्यक्ष झालेल्या फेऱ्या आणि रद्द फेऱ्या मागाव्यात. दुसरा अर्ज पहिल्याइतकाच आवश्यक आहे. भारमान, म्हणजे गाडीतील जागांच्या तुलनेत प्रवाशांचे प्रमाण, वाढले याचा अर्थ प्रवासी वाढले असा जसा होतो, तसा गाड्या कमी झाल्या असाही होऊ शकतो. आणि उभ्याने, कडेवर मूल घेऊन केलेला प्रवास हा सेवेचा दर्जा घसरल्याचा पुरावा असतो, लोकप्रियतेचा नव्हे.

थांब्यावरची मोजणी

नोंदींत न दिसणारी माहिती थांब्यावर उभे राहिल्याने मिळते. तालुक्यातील तीन प्रकारचे थांबे निवडावेत: मुख्य स्थानक, मोठ्या गावाचा फाटा आणि आडमार्गावरचे शेवटचे गाव. प्रत्येक ठिकाणी बाजाराचा एक दिवस आणि साधा एक दिवस, पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत मोजणी करावी. गाडी ठरल्या वेळेच्या किती पुढे-मागे आली, किती स्त्रिया व किती पुरुष चढले, किती जणांना जागेअभावी मागे राहावे लागले, आणि एसटीची वाट पाहून किती जण वडापने (खासगी जीपने) किंवा काळीपिवळीने गेले, हे चार रकाने पुरेत. शेवटचा रकाना बोलका असतो. जी स्त्री थांब्यावर पाऊण तास उभी राहून अखेर पूर्ण पैसे देऊन जीपने जाते, तिच्यासाठी सवलत अस्तित्वात आहे आणि उपयोगात नाही.

थांब्याची पाहणी करताना निवारा, दिवा, बसण्याची जागा, वस्तीपासूनचे अंतर आणि वाटेतील अंधार यांची नोंद घ्यावी. स्थानकावरील स्वच्छतागृह ‘आहे’ एवढे लिहून भागत नाही. ते उघडे आहे का, पाणी व आतून लागणारी कडी आहे का, लघवीसाठी पैसे घेतात का, पुरुषांकडूनही घेतात का, हे एखाद्या स्त्री सहकाऱ्याने आत जाऊन पाहावे. स्वच्छतागृहाची खात्री नसल्यामुळे प्रवासाच्या दिवशी पाणीच न पिणाऱ्या स्त्रिया भेटतील, आणि हा परिणाम कोणत्याही तिकीटनोंदीत सापडणार नाही.

वेळापत्रकाकडे मात्र अधिक बारकाईने पाहावे, कारण ग्रामीण सेवेतील लिंगभाव तिथे दडलेला असतो. भारताच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातील विनामोबदला काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे खर्च करतात. असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे. ज्या व्यक्तीचा एवढा वेळ घरकामात बांधलेला आहे, तिला सकाळी सहाची गाडी स्वयंपाकामुळे सापडत नाही आणि संध्याकाळी सातची गाडी उशिराची ठरते. त्यात मुक्कामी गाडी बंद झाली असेल तर सकाळच्या पाळीचे काम किंवा जिल्ह्याच्या रुग्णालयातील बाह्यरुग्ण विभागाची वेळ हातची जाते. शिवाय स्त्रियांचे प्रवास सरळ रेषेतले नसतात. मुलाला आरोग्य केंद्रात दाखवून, तिथून पुढे बाजार करून परतणारी स्त्री तुकड्यातुकड्यांनी प्रवास करते. एसटीचे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्यांवर ठरते, आणि प्रत्येक वेळी उतरून पुन्हा चढल्यावर नवे तिकीट लागते. त्यामुळे अशा प्रवासात अर्ध्या तिकिटाची बचत लांबच्या सलग प्रवासापेक्षा कमी जाणवते. आपल्या तालुक्यात असे प्रवास किती आहेत हे कळण्यासाठी वीस-पंचवीस स्त्रियांकडून आठवड्यातील दोन दिवसांची प्रवासवही भरून घ्यावी: कुठे गेल्या, कशाने, किती वेळ थांबल्या, किती पैसे लागले, सोबत कोण होते.

कुणाशी, कुठे आणि केव्हा बोलावे

गाडीत बसलेल्या स्त्रियांच्याच मुलाखती घेणे ही सर्वांत सोयीची आणि सर्वांत फसवी पद्धत आहे, कारण गाडीत न येणाऱ्या स्त्रिया तिथे भेटतच नाहीत. निम्म्या मुलाखती घरी, शेतावर आणि वस्तीवर घ्याव्यात, आणि त्यांत ‘गेल्या महिन्यात कुठे जायचे होते आणि जाता आले नाही?’ हा प्रश्न पहिला असावा. न झालेला प्रवास शोधण्याचा याहून साधा मार्ग मला माहीत नाही. गावातील बैठक ग्रामपंचायतीच्या कार्यालयात ठेवल्यास बचत गटाच्या पदाधिकारी येतात आणि दलित वस्तीतील, तांड्यावरील किंवा पाड्यावरील स्त्रिया येत नाहीत. त्यांच्याकडे जाऊन वेगळी बैठक घ्यावी. सुनांशी सासवांसमोर आणि स्त्रियांशी पुरुषांसमोर बोलणे टाळावे. दुपारी दोन ते चार ही वेळ अनेक गावांत स्त्रियांना त्यातल्या त्यात मोकळी असते, पण खुरपणीच्या दिवसांत तीही नसते.

ऋतूचे भान न ठेवल्यास एक अख्खा गट निसटतो. बीडसारख्या जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतात आणि हंगाम संपल्यावर परततात. जानेवारीत सर्वेक्षण केल्यास गावात राहिलेल्यांचेच म्हणणे हाती येते. अशा ठिकाणी पाहणी जून ते सप्टेंबर या काळात करावी.

छेडछाडीविषयी सामूहिक बैठकीत थेट विचारू नये. ‘कोणत्या गाडीने जायला नको वाटते, कोणत्या थांब्यावर उतरायला नको वाटते?’ असे विचारल्यास गाव, वेळ आणि मार्ग कळतो, कुणाला स्वतःचा अनुभव उघड करावा लागत नाही. तरीही कुणी सांगितलेच, तर नाव-गाव वहीत न लिहिता ऐकून घ्यावे, आणि १८१ ही महिला हेल्पलाइन व ११२ हा आपत्कालीन क्रमांक देण्याची तयारी आधीच ठेवावी.

पैशाचा प्रश्न विचारताना ‘किती वाचले?’ यावर थांबू नये. ‘वाचलेले कशाला लागले आणि ते कुणी ठरवले?’ हे विचारावे. काही घरांत असे आढळते, की तिकीट अर्धे झाल्यापासून बाजार, दवाखाना, बँक, तहसील ही बाहेरची कामेही स्त्रीकडे आली, कारण तिला पाठवणे स्वस्त पडते. तिचे बाहेर पडणे वाढले हे चांगले, आणि घरातील काम तेवढेच राहून वर हे चढले हेही खरे. अहवालात दोन्ही नोंदवावे आणि त्यांची वजाबाकी करून एकच उत्तर काढण्याच्या मोहात पडू नये.

पुरुष, तृतीयपंथी आणि एसटीचे कर्मचारी

लिंगभाव-परिणाम म्हणजे केवळ स्त्रियांची पाहणी नव्हे. राज्यघटनेच्या अनुच्छेद १५(३) प्रमाणे स्त्रियांसाठी विशेष तरतूद करता येते, त्यामुळे सवलत पुरुषांना का नाही हा वाद मूल्यमापनात उकरून काढण्याचे कारण नाही. तपासायचे आहे ते पुरुषांच्या प्रवासाचे काय झाले. कुटुंबातील पुरुष मोटारसायकलीने आणि स्त्री एसटीने अशी विभागणी पक्की झाली का? मुलींना पास मोफत आणि मुलांना सवलत वजा जाता एक-तृतीयांश भाडे, अशा स्थितीत गरीब घरातील मुलगा अकरावीला तालुक्याला जाणे सोडतो का? हे शाळेच्या हजेरीपटावरून आणि घरी विचारून कळू शकते.

तृतीयपंथी व्यक्तींबाबत सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी नाल्सा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात दिलेला निकाल आणि २०१९ चा कायदा यांमुळे सेवा नाकारता येत नाही, हे आरंभबिंदू धरावे. त्यांना कोणते तिकीट दिले जाते, ते कोण ठरवते, वाहक आणि सहप्रवासी कसे वागतात, स्थानकावर कोणते स्वच्छतागृह वापरता येते, एवढे विचारले तरी खूप कळते. तमिळनाडूने २०२१ मध्ये साध्या शहरी बसमधील मोफत प्रवास स्त्रियांबरोबर तृतीयपंथीयांनाही दिला, आणि कर्नाटकाच्या जून २०२३ मधील शक्ती योजनेतही त्यांचा समावेश आहे. शिफारस करताना ही उदाहरणे उपयोगी पडतात. तालुक्यात अशा तीन-चारच व्यक्ती भेटल्या, तर त्यांचे म्हणणे ओळख पटणार नाही अशा रीतीने लिहावे.

महिला वाहक, तिकीट खिडकीवरील कर्मचारी आणि सफाई कामगार यांच्याशीही बोलावे. विश्रांतिगृह, मुक्कामाच्या गावातील झोपण्याची सोय, रात्रीची पाळी आणि तिकीट प्रकारावरून होणारी भांडणे यांविषयी त्या जे सांगतात ते प्रवाशांकडून कळत नाही. सेवा देणाऱ्यांवरील परिणाम हाही सेवेचाच परिणाम आहे.

निष्कर्ष लिहिताना

प्रत्येक निष्कर्षापुढे तो कशावरून काढला हे लिहावे: तिकीटनोंद, मोजणी, प्रवासवही की संभाषण. आकडे मार्गनिहाय आणि गटनिहाय द्यावेत. तालुक्याची सरासरी दिल्यास हमरस्त्यावरच्या गावांची सोय आडगावांची गैरसोय झाकून टाकते. ‘सवलतीमुळे’ हा शब्द जपून वापरावा. नवा कारखाना, नवे महाविद्यालय, खराब झालेला रस्ता किंवा बंद पडलेले वडाप यांमुळेही प्रवास बदलतो, तेव्हा सवलत सारखी पण फेऱ्या वेगळ्या असलेले दोन मार्ग शेजारी ठेवून पाहावे. जिथे फेऱ्या टिकल्या तिथेच स्त्रियांचा प्रवास वाढला असेल, तर अडचण तिकिटाच्या दरात नसून गाडीच्या संख्येत आहे असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. अर्थसंकल्पातील तरतुदीवरून परिणाम ठरवू नये. केंद्राच्या लिंगभाव अर्थसंकल्पात २००५-०६ पासून शंभर टक्के स्त्रियांसाठीच्या आणि किमान तीस टक्के स्त्रियांसाठीच्या योजना वेगळ्या दाखवतात. तो खर्चाचा हिशेब आहे, आणि परिणामाचा हिशेब थांब्यावरच करावा लागतो.

शिफारस ज्याच्या अधिकारात आहे त्याच्याच नावे करावी. फेरीची वेळ अर्ध्या तासाने सरकवणे आगार व्यवस्थापक पाहू शकतात, नव्या फेरीसाठी विभाग नियंत्रकांकडे जावे लागते, थांब्यावरचा दिवा आणि निवारा ग्रामपंचायत करू शकते, स्थानकाचे स्वच्छतागृह महामंडळाचे आहे आणि सवलतीच्या अटी मंत्रालयाच्या. सगळ्याच मागण्या मंत्रालयाला लिहिल्या, तर जे काम पंधरा दिवसांत झाले असते तेही अडकते. गावापुरते मुद्दे ग्रामसभेपूर्वी होणाऱ्या महिला सभेत आधी वाचून दाखवावेत. कायद्याने ही सभा घ्यावीच लागते, पण बऱ्याच ठिकाणी ती केवळ नोंदवहीत होते, म्हणून तिची तारीख ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी घ्यावी. तिथे स्त्रिया आपले निष्कर्ष खोडतात, वेळा दुरुस्त करतात, एखादा विसरलेला थांबा सांगतात; त्या दुरुस्त्या घालून मगच अहवाल आगारात द्यावा. वेळापत्रकात बदल झाल्यास तीन महिन्यांनी, त्याच थांब्यांवर आणि त्याच चार रकान्यांत, बाजाराचा एक दिवस आणि साधा एक दिवस पुन्हा मोजणी करावी.